वाडीतला तरणा कारवानी आणि कोल्ह्याची फेरी

वाचक विचारतात

पावसाळा सरला की कोकणातल्या वाड्यांतून एक गाऱ्हाणं हमखास येतं: कोल्हा कोंबड्या नेतो आणि आणलेला कुत्रा काही कामाचा नाही. यंदा त्यात घाटावरून आणलेल्या कारवानी (सडपातळ, जोरात पळणाऱ्या जातीच्या कुत्र्याच्या) पिल्लांबद्दलची पत्रं बरीच आहेत. एकाच विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची आंब्याची कलमं आहेत, त्यातच गावठी कोंबड्या मोकळ्या असतात. कातळाच्या बाजूनं कोल्हे येतात. सोलापूरकडून कारवानी नर आणला, आता सात महिन्यांचा आहे. पळतो जबरदस्त. त्याला कोल्ह्यावर कधी सोडावा? गावातले म्हणतात, आत्ताच एकदा दाखवा, म्हणजे तोंड लागेल.

उत्तर : सातव्या महिन्यात नाही, आणि सत्ताविसाव्यातही नाही. कोल्ह्यावर कुत्रा सोडणं हे काम मुळात यादीतूनच काढून टाका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फासा लावणं, पकडणं, हाकणं, कुत्रे लावून पाठलाग करणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून कोल्हा अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. 'माझ्या कोंबड्या नेत होता' हे उत्तर तिथे चालत नाही.

मग कुत्रा पाळायचा कशाला? कोल्हा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत पाय टाकायच्या आधी ते तुम्हाला कळावं आणि कोल्ह्यालाही कळावं की इथे कोणीतरी जागं आहे, यासाठी. कोल्हा हिशेबी जनावर आहे. जिथे रोज अडथळा, तिथे तो फेरी बदलतो. एवढं काम नीट करणारा कुत्रा तयार व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात, आणि खरी चूक होते ती या मधल्या काळातच.

सात महिन्यांचा कारवानी उंचीनं पुरा दिसतो, पण हाडांची टोकं अजून कोवळी असतात. वर्षाचा होईपर्यंत लांब दौड, उंच उड्या, कातळावरची घसट टाळा. मोटारसायकलमागे पळवणं तर बिलकूल नको. गावोगाव हा प्रकार दिसतो आणि पुढे पुढच्या पायांनी लंगडणारे कुत्रेही दिसतात. सध्या सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास पट्ट्यावर चालवणं आणि कुंपण घातलेल्या जागेत त्याच्या मर्जीनं बागडणं एवढं पुरे.

मनाचं म्हणाल तर ते शरीराच्याही मागे असतं. आठ-नऊ महिन्यांच्या कुत्र्याला कोल्ह्याचा एकच चावा बसला तर दोनपैकी एक होतं. एक तर तो त्या कोपऱ्यात पुन्हा जात नाही, किंवा चवताळून दिसेल त्याच्या मागे धावायला लागतो. मग त्यात शेजाऱ्याची शेळी आणि रस्त्यावरची दुचाकीही आली. 'तोंड लागणं' म्हणतात ते हेच, आणि लागलेलं तोंड सोडवणं फार जड जातं.

या वयात शिकवायचं ते एवढंच : नाव घेतलं की वळणं, 'थांब', 'सोड', आणि हद्दीची ओळख. हद्दीसाठी दिवसातून दोनदा, त्याच वाटेनं, गडग्याकडेनं पूर्ण फेरी, पट्ट्यावर. बेड्यापाशी (वाडीच्या फाटकापाशी) दर वेळी थांबायचं, तुम्ही आधी बाहेर, तो तुमच्या शब्दानंतर. दोन-तीन महिन्यांत तो त्या वाटेवरचा रोजचा वास ओळखायला लागतो आणि नवा वास लागला की थबकतो. ते थबकणं ओळखा, तिथे त्याला शाबासकी द्या. पुढची राखण यावरच उभी राहते.

प्रश्न : गुहागर. आमचा कारवानी दहा महिन्यांचा. कोल्ह्याचं राहू द्या, तोच कोंबड्या धरतो. मेलेली कोंबडी गळ्यात बांधून ठेवली, मारही दिला. दोन दिवस गप्प, पुन्हा तेच.

उत्तर : गळ्यातली मेलेली कोंबडी हलत नाही, म्हणून त्यातून तो काहीच शिकत नाही. कारवानी नाकापेक्षा डोळ्यानं चालणारा कुत्रा आहे. फडफड आणि पळापळ दिसली की त्याचे पाय आधी सुटतात. मारानं तो एवढंच शिकतो की तुम्ही जवळ असताना कोंबडी धरायची नाही. कच्च्या मांसानं रक्ताची चटक लागते असंही पुष्कळ सांगतात, त्यात तथ्य नाही. मात्र पिसांसकट मेलेली कोंबडी त्याला खेळायला टाकत असाल तर ते आजपासून बंद करा.

आता सुरुवात अशी. कोंबड्या जाळीच्या आत, कुत्रा पट्ट्यावर, अंतर पंधरा मीटर. वेळ सकाळची, फिरून आल्यानंतरची. ताजातवाना, चेकाळलेला कुत्रा घेऊन बसू नका. खिशात उकडलेल्या काळजाचे हरभऱ्याएवढे तुकडे. आता त्याच्याकडे बघा, कोंबड्यांकडे नव्हे. आधी कान ताठ होतात, मान पुढे येते, शेपटी हलायची थांबते, एक पुढचा पाय उचलला जातो. याच क्षणी, झेप घ्यायच्या आधी, नाव घ्यायचं. वळला की तुकडा. वळला नाही तर ओढाताण न करता पाच मीटर मागे जायचं आणि तिथून पुन्हा. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा.

पंधरा मीटरवर सलग आठवडाभर पहिल्या हाकेला वळला की मगच दहा मीटर, मग पाच. त्यानंतर जाळीच्या आत, पट्ट्यावर, कोंबड्या दाणे टिपत असताना शेजारी बसवायचं. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात : दुसऱ्या माणसानं कोंबडी हातात धरून फडफडू द्यायची, आधी लांब, मग जवळ. खरी परीक्षा इथेच आहे, कारण चालणारी कोंबडी सोसणारा कुत्रा उडणारी सोसेलच असं नाही. हे जमलं की पट्टा सोडून मागे लांब दोरी फरफटत ठेवायची, टोकावर तुमचा पाय.

तीन महिने धरून चाला. आणि हे सगळं झालं तरी दीड वर्षाच्या आत कोंबड्यांत एकटा ठेवू नका; एक धरपकड झाली की महिन्याची मेहनत वाया. करडांच्या बाबतीतही हीच रीत. फक्त तिथे धोका करडाला जास्त, कारण कुत्र्यानं खेळात मारलेल्या धडकेनंही त्याचा पाय मोडतो.

प्रश्न : राजापूर. भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे शेतावर लर्चर नावाचे कुत्रे कोल्ह्यांचा बंदोबस्त करतात म्हणतो. आपल्या कारवानीवर अल्सेशियन किंवा गावठी घालून तसा कुत्रा काढता येईल का?

उत्तर : लर्चर ही ठरावीक जात नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी असा एखादा पळणारा कुत्रा आणि त्यावर कोली किंवा बेडलिंग्टन टेरिअरसारखा कामाचा कुत्रा, असा तो संकर. पळणाऱ्याचे पाय, दुसऱ्याची अक्कल आणि राठ केस, हा त्यामागचा हेतू. त्याचं जुनं काम ससे धरायचं. तिकडचा कोल्हा म्हणजे तांबडा फॉक्स, तो आपल्या कोल्ह्यापेक्षा लहान आणि वेगळा प्राणी. आणि तिकडेही आता मोकळं रान नाही. हंटिंग अॅक्ट २००४ हा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. पिकाचं किंवा जनावरांचं नुकसान टाळण्यासाठी, जमीनमालकाच्या परवानगीनं, जास्तीत जास्त दोन कुत्र्यांनी कोल्हा आडोशातून बाहेर काढायचा आणि तो बंदुकीनं मारायचा, एवढीच मुभा. कुत्र्यांनी कोल्हा फाडणं तिथेही गुन्हा आहे.

त्या लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जाणते लर्चरवाले तरण्या कुत्र्याला पहिलं वर्ष कोल्ह्याच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत. आधी हाकेला येणं, मेंढरांत शांत राहणं, दोरीवरची शिस्त. कोल्ह्याचं नाव दीड-दोन वर्षांनंतर. तिकडचा कायदा इकडे लागू नाही, पण हा धीर लागू आहे.

संकराबद्दल आमचं मत स्पष्ट : नको. संकरात एकाच वेतातली पिल्लं एकमेकांसारखी निघतीलच असं नाही. एखादं कारवानीसारखं मुकं आणि अल्सेशियनसारखं जड निघालं तर दोन्हीकडचा तोटा तुमच्या पदरी. अल्सेशियनच्या दाट केसांना आपली दमट हवा सोसत नाही, खुब्याचा आजारही त्या जातीत नेहमीचा. त्यापेक्षा एक कारवानी आणि एक चांगला गावठी अशी जोडी ठेवा. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : दापोली. कुत्रा रात्री भुंकतच नाही. कोल्हा आला तरी नुसता उभा राहून बघतो.

उत्तर : कारवानीत हा दोष नाही, स्वभाव आहे. दिसलं की धावायचं, ओरडून सावध करायचं नाही, अशीच ही जात घडली. राखणीला मात्र आवाज लागतो. भुंकणारा गावठी, शक्यतो दोन-तीन वर्षांची शांत मादी, सोबत ठेवली की पुष्कळ कारवानी तिचं ऐकून तोंड उघडतात. त्याच्या पहिल्या भुंकण्यावर 'गप रे' असं ओरडू नका. उठून त्याच्यापाशी जा, तो जिकडे बघतोय तिकडे बॅटरी मारा, तुकडा द्या, मग 'बस' म्हणा. चार-सहा वेळा असं झालं की त्याला कळतं, भुंकलं की माणूस येतो. भुंकूनही कोणी आलंच नाही तर तो सोडून देतो. वाडीत रात्री कोणी राहतच नसेल तर कुत्र्याकडून राखणीची अपेक्षा ठेवू नये, पैसा खुराड्यात घालावा.

प्रश्न : श्रीवर्धन. खाडीलगत घर, मागे कांदळवन. कोंबड्या जातात त्या कोल्ह्यानंच नेल्या हे ओळखायचं कसं? आणि खुराडं कसं बांधावं?

उत्तर : कुत्र्याच्या आधी हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. कांदळवनातला कोल्हा बहुतेक खेकडे, उंदीर, मेलेली मासळी यांवर जगतो. कोंबडी हा त्याचा वरकमाईचा घास.

खुणा बघा. कोल्हा बहुधा एक कोंबडी उचलतो आणि घेऊन जातो. मागे पिसांची माग काढता येईल अशी रेघ, बहुतेक पाणंदीच्या किंवा खाडीच्या दिशेनं. वेळ दिवेलागण किंवा पहाट. विष्ठा चढावर, दगडावर, उठून दिसेल अशी टाकलेली, त्यात केस, खेकड्याची कवचं, मोसमात बोरं-जांभळांच्या बिया. पाऊल लहान कुत्र्यासारखंच पण अरुंद, पुढची दोन नखं जवळजवळ. सात-आठ कोंबड्या मारून तिथेच टाकलेल्या असतील तर पहिला संशय गावातल्या मोकाट कुत्र्यांवर घ्या. दिवसाढवळ्या मानेला चावून टाकलेली कोंबडी आणि फुटकी अंडी हे मुंगसाचं काम. कौलं सरकलेली दिसली तर उदमांजर. अंडी नि पिल्लं गायब आणि पीसही पडलेलं नाही, तर साप.

खुराड्याला षटकोनी बारीक जाळी लावू नका, ती दातांनी फाटते. एक इंची चौकोनाची वेल्ड मेश (जोडकाम केलेल्या तारांची जाळी) घ्या. जमीन मातीची असेल तर चिऱ्याचा एक थर जमिनीत, दोन वर. कातळ असेल तर खणता येत नाही. मग जाळी तळाशी बाहेरच्या अंगाला काटकोनात दीड फूट वाकवून जमिनीवर पसरायची आणि वर चिरे रचायचे. कोल्हा भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतो, दीड फूट मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराला दोन कड्या, एक वर आणि एक खाली, कारण एका कडीवर दाराचा खालचा कोपरा ढकलला की फट पडते. सूर्य बुडायच्या आत दार बंद.

आणि मासळीची घाण. बांगड्याची डोकी, कोलंबीची सालं परसात टाकायची आणि वर कोल्हा येतो म्हणायचं, हे दोन्ही एका घरात चालायचं नाही. दोन फूट खोल खड्डा, वर माती, रोज.

झटका कुंपण करायचं तर ते सौर यंत्रावरचंच, ठोके देणारं. घरच्या विजेची तार थेट सोडली तर माणूस मरतो, आणि तो गुन्हा वेगळाच.

प्रश्न : वेंगुर्ला. आमच्याकडे बिबट्याची ये-जा आहे. कुत्रा रात्री खुराड्यापाशी साखळीनं बांधतो. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. त्याला पळता येत नाही आणि भुंकून जागाही दाखवतो. आजच साखळी काढा.

रात्रीसाठी त्याला खोली बांधा : चिऱ्याची तीन बाजूंची भिंत, चौथ्या बाजूला जाड वेल्ड मेश, वर पक्कं छप्पर, आणि दाराला आतून कुत्र्याला नि बाहेरून बिबट्याला उघडता न येणारी कडी. निदान सहा फूट बाय आठ फूट. छप्पर हवंच, बिबट्या गडगा आणि झाड दोन्ही चढतो. जाळीची बाजू खुराड्याकडे, अंतर पंधरा-वीस मीटर, म्हणजे कुत्र्याला दिसतं, ऐकू येतं आणि तो सुरक्षित राहतो. जमिनीपासून वीतभर उंच फळी झोपायला द्या; कारवानीच्या अंगावर चरबी नाही, ओल्या फरशीवर त्याच्या कोपरांना घट्टे पडतात.

धनगर लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो मान वाचवण्यासाठीच. पहाटे हद्दीची फेरी मारताना घालायला हरकत नाही. मात्र त्याच्या भरवशावर रात्री मोकळा सोडू नका. बिबट्याची खूण ताजी असेल त्या आठवड्यात पहाटेची फेरी उजाडल्यावरच.

शेळी नेली असेल तर वन खात्याला ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. मदतीसाठी १९२६ हा वन विभागाचा क्रमांक आहे.

प्रश्न : मालवण. काल संध्याकाळी कुत्रा गडग्यापलीकडे गेला, कोल्ह्याशी झोंबाझोंबी झाली. कान फाटलाय. हळद भरली आहे. पुढे काय?

उत्तर : हळद धुऊन काढा आणि हा अंक बाजूला ठेवून आधी पशुवैद्यकाकडे जा. इतर वाचकांसाठी क्रम असा : हातात रबरी मोजे, जखम साबणाच्या पाण्यानं, वाहत्या धारेखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. त्यानंतर पोविडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तेल काही नाही. टाके लगेच घालायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. घरी पट्टी आवळू नका.

कोल्ह्याला रेबीज होतो. कुत्र्याचं लसीकरण चालू असलं तरी चाव्यानंतर लगेच जादा डोस लागतो. मुळात लसच नसेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवसांचा कोर्स सामान्यतः दिला जातो. त्याला सोडवताना तुमच्या हाताला ओरखडा उठला, किंवा त्याची लाळ तुमच्या जखमेला लागली असेल, तर तुम्हीही आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वन्यप्राण्याचा चावा वरच्या श्रेणीतच धरतात, लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं.

भर दुपारी डुलत चालणारा, माणसाला न भिणारा कोल्हा दिसला तर कुत्रे आत, मुलं आत, आणि १९२६.

प्रश्न : हाकेला येतो, पण समोर काही नसेपर्यंतच. काही दिसलं की कान बंद. (मुरुड)

उत्तर : ज्या दिवशी हाक मारूनही तो आला नाही त्या दिवशी हाकेची किंमत कमी झाली. म्हणून जिथे येणार नाही असं वाटतं तिथे हाकच मारू नका, दोरी लावा. दहा मीटर, आठ मिलिमीटरची नायलॉन दोरी, टोकाला फास किंवा गाठ नको, काजूच्या खुंटात अडकते. दोरी गळ्याला नव्हे, छातीपट्ट्याला. पूर्ण वेगात टोकाला आपटला तर या कुत्र्याची लांब, बारीक मान दुखावते. रोजचा गळपट्टा दोन इंच रुंद घ्या. त्याचं डोकं मानेइतकंच निमुळतं, साधा पट्टा सहज निघून येतो.

आवाजाऐवजी शिट्टी वापरा. रागात आपला आवाज बदलतो, शिट्टीचा बदलत नाही. पंधरा दिवस शिट्टी फक्त जेवणाच्या वेळी, ताट खाली ठेवतानाच. मग अंगणात दहा पावलांवरून, मग वाडीत दोरीवर. शिट्टी ऐकून आला आणि तुम्ही लगेच साखळी लावून आत कोंडलंत, तर तो हिशेब त्याला कळतो. पाचपैकी चार वेळा बक्षीस देऊन पुन्हा मोकळा सोडा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजी 'हंय ये' म्हणते, नातू 'कम' म्हणतो, गडी नुसती टिचकी वाजवतो. मग कुत्र्यानं ऐकायचं कोणाचं?

प्रश्न : एकाच वेतातले दोन भाऊ घ्यावेत का? एकमेकांना सोबत होईल. (संगमेश्वर)

उत्तर : घेऊ नका. ते एकमेकांचं ऐकतात, तुमचं नाही, आणि वर्ष-दीड वर्षात दोन नर भांडायला लागतात. एक तयार होऊ द्या, मग दुसरा, शक्यतो मादी.

प्रश्न : रत्नागिरी. घाटावरचा कुत्रा इथल्या हवेत टिकेल का? खाणं, औषधपाणी काय ठेवावं? बारीक दिसतो म्हणून लोक नावं ठेवतात.

उत्तर : ठेवू देत. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या पुसट दिसायलाच हव्यात. पुरा वाढलेला साधारण वीस ते अठ्ठावीस किलो भरतो. गुबगुबीत केलात तर सांधे जातील.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग दोन वेळा खाणं. नुसता भात-आमटी पुरत नाही. अंडं, उकडलेली मासळी किंवा चिकन रोज हवं. तारली कच्ची घालू नका, शिजवून घाला. कच्च्या तारलीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. खारवलेली सुकी मासळी नको, शिजवलेली हाडं नकोत, कांदा नको. या जातीची छाती खोल असते, म्हणून खाण्याआधी आणि नंतर तासभर पळापळ नाही. पोट फुगून पिळा पडला तर हातात थोडेच तास असतात. फुगलेलं पोट आणि नुसतीच उलटीची उबळ दिसली तर थेट दवाखाना.

लसी : सहा ते आठ आठवड्यांना पहिली एकत्रित लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, तीन महिन्यांना रेबीज, मग दर वर्षी. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) डोस जूनच्या आधी उरकावा; भातखाचरातल्या उंदरांमुळे इथे तो आजार घाटापेक्षा जास्त. जंतांचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, मग तीन महिन्यांनी.

गोचिडीकडे कानाडोळा नको. आठवड्यातून एकदा बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, शेपटीखाली हात फिरवा. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यांपैकी काही दिसलं तर रक्ततपासणी. तोंडावाटे द्यायच्या गोळ्या आहेत, वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्या. शस्त्रक्रियेची वेळ आली तर 'हा ग्रेहाउंडसारखा सडपातळ कुत्रा आहे' हे भूल देण्याआधी मुद्दाम सांगा. थायोपेंटोनसारख्या औषधातून अशा कुत्र्यांना शुद्धीवर यायला फार वेळ लागतो.

ऊन : शिकवणी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. कातळावर तळहात पाच सेकंद टेकवता आला नाही तर त्याचे पंजेही तिथे नेऊ नका. कातळाच्या कडा पंजे कापतात, आणि पातळ कातडी काटेरी तारेनं कागदासारखी फाटते, म्हणून हद्दीच्या वाटेवरची सुटी तार आधी गोळा करा. धापा थांबेनात, हिरड्या लालबुंद झाल्या तर सावली, साधं पाणी पोटाला आणि मांड्यांना, वारा. बर्फ नको.

आणि रत्नागिरीच्या कातळावर फुरसं असतं, पावसाआधी-नंतर जास्तच. पाय अचानक सुजला आणि चाव्यातून रक्त थांबत नाही असं दिसलं तर आवळपट्टी न बांधता, न चालवता, उचलून दवाखान्यात न्या. प्रतिसर्पविष तिथे आहे का, ते निघायच्या आधी फोन करून विचारा.